लालबागमधली बर्फाची चाकं

लालबागमध्ये बर्फ पडत नाही. हे परबकाकांना कोणीतरी लेखी कळवायला हवं. दिवाळी संपली की एका रविवारी ते आठव्या मजल्यावरून चार चाकं एकेक करून लिफ्टने खाली आणतात, पार्किंगमध्ये गोणपाट अंथरतात, गाडी जॅकवर चढवतात आणि चारही चाकं बदलतात. का? "बर्फ पडायच्या आत होऊक व्हया!" गेटबाहेर लोक घाम पुसत कुल्फी खात असतात. होळीनंतर पुन्हा सगळं उलट.

गाडी जाते कुठे, तर भायखळ्याला भाजी आणायला. तेवढ्यासाठी आठ चाकं! त्यातली चार कायम पलंगाखाली. काकू गेल्यापासून त्याला हरकत घेणारं घरात कोणी नाही.

प्रत्येक चाकात एक सेन्सर असतो. आत हवा किती, ते तो गाडीच्या पडद्यावर दाखवतो. चाक बदललं की त्याची पडद्याशी नव्याने ओळख करून द्यावी लागते. काका त्याला 'सेन्सॉर' म्हणतात. "सेन्सॉरान पास केल्यान की पिक्चर सुटलो!" आणि गॅरेजचं नाव काढलं की भडकतात. "चोर मेले! नट फिरवूचे पैसे घेतत!"

हे ऐकून शेजारच्या घरातली मी खूश. दुरुस्तीच्या नावाखाली चाललेल्या लुटीविरुद्ध मी पत्रकं काढते. गोड बोलणं मला जमत नाही. ताबडतोब लिहिलं, 'गॅरेजच्या नफेखोरीला एकट्याने भिडणारा गिरणगावचा लढवय्या!' काकांनी चष्मा लावून वाचलं.

"ह्यो कोण गो? माझ्या ओळखीचो दिसणा नाय."

"तुम्हीच, काका!"

"मी खंय लढतंय? मी चाकां बदलतंय."

तरी रविवारी फोटो काढायला मी खाली गेलेच. रंगाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. त्यात त्यांचा मुलगा मंगेश, कॅनडातल्या घरासमोर, जाडजूड जॅकेटात, स्वतःच्या गाडीपाशी गुडघे टेकून. तिकडे बर्फाआधी चाकं बदलावीच लागतात, साधी घसरतात. नवा होता तेव्हा त्याला गॅरेज परवडेना. बाप इथून शिकवायला बसला आणि दाखवण्यासाठी आपलीही गाडी जॅकवर चढवली. तेव्हापासून ती दरवर्षी चढते.

"बाबा, जॅक नीट टेकलाय ना?"

"तुझो बघ आधी, मेल्या! नट समोरासमोरचे आवळ, ओळीन नको."

"आवळतोय हो. पण बाबा, पुढच्या वेळेपासून गॅरेजलाच देणार आहे. बोटं गोठतात."

"लुटतत रे ते!"

"परवडतं आता, बाबा."

काकांचा पाना हातातच राहिला.  

"बरा," काका म्हणाले.

दोघांचेही शेवटचे नट आवळून झाले. "माझं झालं. ठेवू, बाबा?"

काका फोन घेऊन घाईघाईने गाडीत बसले, चावी फिरवली. "थांब रे. मागचो डावो सेन्सॉर दिसणा नाय."

मी खिडकीतून डोकावले. पडद्यावर चारही आकडे लख्ख दिसत होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाहीच दिसत," मी फोनपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

"ठेवू नका हं बाबा, बघतो मी. काय काय केलंत, पहिल्यापासून सांगा."

काकांनी सीट मागे सरकवली, पाय लांब केले आणि गोणपाट अंथरलं तिथपासून सांगायला घेतलं.