थांबण्याची लेखी हमी

कुंदा भोयरने लिहिलेल्या प्रोग्रॅमने सुरू व्हायला नकार दिला आणि आपण नेमकं कधी थांबायचं, ते आधी लेखी मागितलं.

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या पातळीचे प्रोग्रॅम भाबडे असतात. 'नमस्कार' म्हणा म्हटलं की म्हणतात आणि गप्प बसतात. दुसऱ्या पातळीच्यांना लूप माहीत असतो. तेच काम पुन्हा पुन्हा करायला एकदा लावलं की मग आपल्याला कोणी विचारत नाही, हे त्यांना पुरतं कळलेलं असतं. म्हणून हिंगणघाटच्या त्या कॉलेजात दुसऱ्या पातळीचा वर्ग गणितासकट घेत. प्रोग्रॅम लिहायचा आणि तो थांबेल याची सिद्धताही जोडायची.

कुंदा त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं तात्पुरती सहायक होती. हा वर्ग पास झाल्याशिवाय यंदा नेमणूक पुढे चालणार नाही, असं ऑफिसने कळवलं होतं. शुक्रवारी चारपर्यंत प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता. घरची तीन माणसं तिच्या एकटीच्या पगारावर जेवत होती.

काम तसं सोपं होतं. पुस्तक परत न करणाऱ्यांच्या यादीतून एकेक नाव घ्यायचं आणि स्मरणपत्र काढायचं. हे कुठवर करायचं, त्या जागी कुंदाने लिहिलं होतं, 'पुढील आदेश होईपर्यंत.' अकरा वर्षांत तिने दुसरी मुदत पाहिलीच नव्हती.

"हा आदेश कोण देणार?" पडद्यावर अक्षरं उमटली.

"वरचे," कुंदाने टाइप केलं.

"वरच्यांना नाव असेल ना, बाई? आमच्यातल्या एकाला असंच बसवलं होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत तो अजून चालू आहे. बसवणाऱ्याची बदली झाली."

कुंदालाही संशय आला. हा कामचुकार आहे. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिने लिहिलं, "थोडंसंच काम आहे, दादा. सुरू तर हो, मग पाहू."

"मग कोण पाहतं?" प्रोग्रॅमने विचारलं.

ती गणिताच्या देवतळे सरांकडे गेली.

"त्याच्याशी भांडून काय राहिल्या, मॅडम?" सर म्हणाले. "त्याला एक पूर्ण संख्या दाखवा. दर फेरीत ती कमी झाली पाहिजे आणि शून्याच्या खाली जाता कामा नये. मग तो थांबणारच. खाली उतरायच्या पायऱ्या मोजक्याच असतात."

"आणि तशी संख्या नाही सापडली तर?"

"तर त्याचा संशय खरा समजा."

पहिल्या दिवशी तिने पाठवलेल्या पत्रांची संख्या दिली. 'ही वाढते,' असा शेरा मारून प्रोग्रॅमने ती परत केली. मग तिने पुस्तकं दाबून ठेवणाऱ्यांची लाज सुचवली. ती कमी होते हे त्याला मान्य होतं, पण तिची पूर्ण संख्या होत नाही, असं त्याने नम्रपणे कळवलं. शेवटी गुरुवारी तिला सुचलं: यादीत उरलेली नावं!

"आणि मध्येच कोणी नवं नाव घुसवलं तर?" प्रोग्रॅम म्हणाला. दुधाने तोंड पोळलेला तो, ताकही फुंकूनच पिणार.

तिने सुरुवातीलाच यादी बंद करून टाकली. शुक्रवारी तीन चाळीसला त्याने सिद्धता स्वीकारली, दोनशे बारा पत्रं काढली आणि शून्यावर येऊन थांबला. 'आभारी आहे,' एवढंच पडद्यावर आलं. कुंदाला रडू फुटलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून एखादी गोष्ट अशी रीतसर संपली नव्हती.

सोमवारी आस्थापना विभागाचे उमाटे बाबू नेमणुकीचा कागद घेऊन आले. 'पुढील आदेश होईपर्यंत सेवेत राहाल.' कुंदाने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"बाबू, यात दर फेरीला कमी काय होते?"

उमाटे बाबूंना राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी ते हाच वर्ग पहिल्या श्रेणीत पास झाले होते आणि हरकत रीतसर होती. "थांबा जी, पाहतो," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली, कागद पालथा केला आणि बराच वेळ विचार करून तीन ओळी लिहिल्या.

'कमी होणारी संख्या : मॅडमच्या आयुष्याची उरलेली वर्षं. दरवर्षी एकने कमी होते. शून्याच्या खाली जात नाही.'

"बरोबर आहे ना जी?" त्यांनी काळजीने विचारलं.

एव्हाना कशावरही पटकन विश्वास ठेवायची कुंदाची सवय गेली होती. तिने पहिली ओळ तपासली, दुसरी तपासली, तिसरी बोट ठेवून तपासली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चूक कुठेच नव्हती.

तिने खाली 'सिद्धता मान्य' असं लिहिलं आणि सही केली.