उत्तीर्ण भिंत

बाळाला झोप लागत नव्हती, एवढंच मूळ प्रकरण होतं. शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर ट्रंपेट शिकायला घेतलं होतं आणि त्यांचा सरावाचा कोपरा नेमका पाळण्यामागच्या भिंतीपलीकडे होता.

बाळाच्या बाबांनी भिंतीवर जिप्सम बोर्डाचा एक थर लावून घेतला. ट्रंपेट तसंच ऐकू येत राहिलं, म्हणून त्यांनी ध्वनिशांती विभागाला कळवलं. विभागाच्या साहेबांनी येऊन भिंतीला कान लावला.

"वजन कमी पडतंय. भिंत जितकी जड, तितका आवाज कमी. आणखी एक थर चढवा. आणि सर्वांत वरचा थर हिरवाच हवा, नियम आहे. त्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही."

हिरवा थर चढला. तो बघायला अग्निसुरक्षा विभागाचे साहेब आले आणि त्यांना घाम फुटला.

"हा पेटला म्हणजे?"

"जिप्सममध्ये पाणी असतं, साहेब. त्याची वाफ होऊन संपेपर्यंत आग पुढे सरकत नाही," बाबा म्हणाले.

"मला शिकवू नका. गुलाबी थर लावा. सर्वांत वर."

"पण सर्वांत वर हिरवा..."

"त्याच्याही वर."

मग गुलाबीवर हिरवा आणि हिरव्यावर गुलाबी असं सुरू झालं. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर शेजारी शेजारी बसत, पण मधली भिंत इतकी उत्तम होती की एकमेकांचं बोलणं त्यांना कधी ऐकूच जात नसे.

आवाज बाजूच्या भिंतींतूनही वळसा घालून येतो, असं ठरल्यावर चारही बाजूंनी थर चढू लागले. आधी कपाट बाहेर आलं, मग पलंग, मग पाळणा. पंख्याची पाती भिंतींना घासू लागली, तेव्हा पंखाही उतरवला. बाबा खेकड्यासारखे आडवे होऊन आत जात. प्लगचा बोर्ड मात्र दर थरागणिक पुढे आणून बसवला जाई. वीज विभागाची तशी सक्त ताकीद होती.

"अहो, बाळ आता हॉलमध्ये झोपतं," आई म्हणाली. "मग ही खोली शांत करायची कुणासाठी?"

"प्रमाणपत्रासाठी! आता मागे फिरलो तर केलं-सवरलं सगळं पाण्यात."

तरी ट्रंपेट येतच होतं. शेवटी ध्वनिशांतीच्या साहेबांना दोष सापडला. "दार! भिंतीतली सगळ्यात कमकुवत जागा. झाकून टाका." या मुद्द्यावर दोन्ही विभागांचं प्रथमच एकमत झालं. बाबांनी आतून बोर्ड धरला, बोर्डवाल्याने बाहेरून स्क्रू पिळले, पुट्टी भरली आणि हात झटकले.

ध्वनिशांतीच्या साहेबांनी बाहेरून कान लावला. "उत्तीर्ण!"

"अहो, पण हे आत राहिलेत!" आई किंचाळली.

"हाका मारत असतील ना?"

"मारणारच की!"

"तरी ऐकू येत नाही. इतकी खरी चाचणी आजवर झाली नव्हती."

"फोडा आधी ती भिंत!"

"फोडली की प्रमाणपत्र रद्द," अग्निसुरक्षेचे साहेब हळुवारपणे म्हणाले. "वहिनी, अख्खी इमारत जळली तरी त्यांच्या केसालाही धक्का लागायचा नाही."

तेवढ्यात शेजारचे काका ट्रंपेट काखोटीला मारून आले. "अगं, तुझा नवरा माझ्या प्लगमधून चहा मागतोय. साखर कमी म्हणाला."

सगळे काकांकडे धावले. दोन्ही घरांचे प्लग मूळ भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले होते आणि मधून आरपार भोक होतं; प्लग पुढे येत गेला तसं तेही दर थरातून लांबत गेलं होतं. इतके दिवस ट्रंपेट तिथूनच येत होतं. बोटभर पुट्टीचं काम होतं.

"मी इथे आहे!" भोकातून आवाज आला. "चहा राहू दे, भिंत फोडा!"

आईने हातोडी उचलली. ध्वनिशांतीच्या साहेबांनी ती अलगद काढून घेतली. "हातोडीचा आवाज मर्यादेबाहेर जातो, वहिनी. शिवाय बाळाचा आत्ताच कुठे डोळा लागलाय." मग त्यांनी भोकाकडे चिंतेने पाहिलं आणि बोर्डवाल्याला म्हणाले, "आवाज गळतोय. बुजवा."

भोक बुजलं.

आई तशीच जिना उतरली आणि मदतीसाठी एकेक दार ठोठावत निघाली. तुमचंही दार तिने बराच वेळ ठोठावलं. ऐकू आलं नाही?

अभिनंदन. तुमचीही भिंत उत्तीर्ण आहे.