न संपणारं कपाळ

"तुम्ही फक्त नीट कपडे घालून बसा. टीव्हीचं काय ते मी पाहते!" असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा माझा आवाज अगदी सभेतल्या पुढाऱ्यासारखा निघाला. का निघू नये? बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे मी! लग्न होऊन रिठदला आल्यापासून ही पदवी फक्त आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई गिरजाबाईंच्या, मोबाइलचा आवाज वाढवायला कामी आली होती. त्यामुळे चालून आलेली संधी मी सोडणार होते थोडीच!

संधी म्हणजे माझी नणंद सुचिता हिचं स्थळ. मुलगा हरीओम, सुरतेला कंपनीत. रजा मिळत नव्हती, आईवडील त्याच्याकडेच गेलेले. तेव्हा आधी व्हिडिओ कॉलवर पाहणं उरकायचं ठरलं. मोबाइलवर पाच माणसांची डोकी एकमेकांवर आपटतात, म्हणून मी म्हटलं, लॅपटॉप टीव्हीला जोडू. सगळ्यांना आरामात दिसेल!

पण आत्याबाईंना आराम कुठला? मुलाचा जो एकुलता एक फोटो आला होता, त्यात त्याच्या डोक्यावर फेटा होता. आणि मागच्या स्थळाचं आमच्या घरात अजून नाव काढत नाहीत. तो मुलगा अंगणात वाकून पाया पडायला गेला अन् त्याचे केस कडुनिंबाच्या फांदीला अडकून वरच राहिले! तेव्हापासून सुचितानं कुणाला हो म्हटलं नव्हतं. या मुलाशी मात्र ती फोनवर दोनदा बोलली होती, आणि तेव्हापासून भाजीत मीठ दोनदा पडत होतं.

"राधिका," आत्याबाईंनी मला बजावलं, "चेहरा गेला उडत. मले डोक्शाची वरची बाजू साफ दिसली पाह्यजे."

आता माझी अडचण ऐका. माझा आदर्श दोन वर्षांचा. त्याला वायर दिसली की ती आधी तोंडात जाते, मग माझा जीव घशात येतो. म्हणून मी डोकं लढवलं. टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर आहे. केबल दाराच्या चौकटीवरून आत घेतली आणि लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्यावर ठेवला. आदर्शचा हात पोचणार नाही, बाहेर पसारा दिसणार नाही. वा, राधिका!

पहिला धक्का लगेच बसला. टीव्ही म्हणाला, सिग्नलच नाही! रिमोटनं योग्य जागा शोधली, तर पडद्यावर आदर्शचा जावळ काढल्यानंतरचा फोटो. वाटीसारखा गुळगुळीत!

"हाच काय पोरगा?" सासरे, म्हणजे मामाजी, म्हणाले. "लयच टकला हाय बाप्पा!"

"मामाजी, हा आपला आदर्श आहे! लॅपटॉपचा वॉलपेपर आहे तो!"

आत जाऊन दोन बटणं दाबली आणि एकदाचं जमलं. आत्याबाईंनी टीव्हीसमोर रांगोळी काढली. पाहुणे आले म्हटल्यावर त्यांच्यापुढं पोहे नकोत का? म्हणून टीव्हीसमोर स्टुलावर पोह्यांची बशीही ठेवली. "टीव्हीकडं कोनी पाठ करू नका. पाहुन्याले पाठ दाखवत नाहीत," अशी ताकीद मिळाली.

कॉल लागला! टीव्हीभर मुलगा, त्याची आई संगीताबाई आणि वडील शालिग्रामजी. मुलाचे डोळे छान, नाक छान, आणि वर कपाळ. कपाळावर आणखी कपाळ. आणि मग टीव्हीची कडा! संपतच नव्हतं हो ते! मामाजींनी दोनदा उठून टीव्हीच्या वर भिंतीकडं पाहिलं.

सुचितानं टीव्हीला वाकून नमस्कार केला.

"मुलगी कुठं हाय?" संगीताबाईंनी विचारलं.

"हे काय, समोरच बसली!" आत्याबाई म्हणाल्या.

"दिसून नाही राह्यली जी."

आत्याबाईंनी सुचिताची खुर्ची पुढं ढकलली. तरी दिसेना. आणखी ढकलली. सुचिताचं नाक हरीओमच्या नाकाला लागायचं राहिलं! मग मी रिमोट घेतला आणि त्यांना आमच्याकडचं स्वच्छ दिसावं म्हणून आमच्या टीव्हीचा उजेड वाढवला. हसू नका! तिकडं आदर्श रांगोळी चाटत होता, माझं अर्धं लक्ष त्याच्यात होतं.

"असू द्या, असू द्या," शालिग्रामजी म्हणाले, "चालू द्या तुमचं." आणि ते हसू लागले.

पाहुण्यांसमोर मनातलं बोलायचं नाही, ही आपली रीत. मनातलं बोलायला आत जायचं. आत्याबाईंनी डोळ्यांनी खूण केली, मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"राधिका, टक्कल हाय वं! वरचा भाग मुद्दाम लपवून राह्यले! अन् ते त्याची माय हसते काहून सारखी? दात मोजाले देल्ले काय आपल्याले?"

"हळू बोला ना, आत्याबाई!"

"हळूच बोलून राह्यली! दाराबाहेर सुद्दा जात नाही माहा आवाज!"

बाहेर आले, तर संगीताबाई पदरानं डोळे पुसत होत्या. इतकं हसणारं घर! मला फार बरं वाटलं.

मग मामाजी आत आले. कढईतूनच मूठभर पोहे तोंडात टाकले, झाऱ्यानं पाठ खाजवली आणि मला म्हणाले, "केसाचं काय घेऊन बसली तुही सासू? माह्या डोक्श्यावर तरी काय उरलं? पोरगा कमावता हाय, बस झालं!"

आणि शेवटी सुचिता आली. डोळ्यांत पाणी.

"वहिनी, आई नाही म्हनन आता. पन मले पसंत हाय तो. टक्कल असलं तं असू दे. त्याचा आवाज आयकला ना, का दिवसभर कशाचाच राग येत नाही मले."

मागच्या स्थळाचं पाप कडुनिंबावर ढकलता येईल, पण हे माझ्या डोळ्यांदेखत कपाळापायी मोडणार! बाहेर येऊन पाहते, तर हरीओमचा चेहरा हळदीत कुंकू कालवल्यासारखा लाल. म्हटलं, आता रंगही बिघडले टीव्हीचे!

रिमोटवरची सगळी बटणं दाबत सुटले. आणि एकदम उजेड पडला, डोक्यात! पडदा झूमवर होता! आत्याबाईंनीच करून घेतला होता, मालिकेतल्या बायकांचे दागिने मोठे दिसावेत म्हणून. चित्राच्या चारही कडा कापल्या जात होत्या!

मी झूम काढला.

चित्र आक्रसलं. कपाळ संपलं! वर केस, सोयाबीनच्या भरल्या वावरासारखे दाट! सुचिताच्या तोंडून "अगं माय!" निघालं.

पण चित्राबरोबर खालचा कोपराही उघडा झाला. त्यात एक छोटी चौकट होती. चौकटीत स्वयंपाकघर, दोरीवर आदर्शच्या ओल्या चड्ड्या, आणि पुन्हा आत जाऊन कढईत हात घातलेले मामाजी.



"अवं," आत्याबाई किंचाळल्या, "हे मानूस टीव्हीत कसं गेलं?"

टीव्ही बाहेर होता, पण कॅमेरा लॅपटॉपला होता! आणि लॅपटॉप डाळीच्या डब्यावर! पाहुणे एवढा वेळ आमचं स्वयंपाकघर पाहत होते. आम्ही त्यांच्यापासून लपवायला जे जे आत नेलं, ते थेट त्यांच्या कानात नेऊन ओतलं होतं!

संगीताबाईंनी घसा साफ केला. "गिरजाबाई, दात मोजून झाले असतीन तं पोरगी दाखवा आता. घर पाह्यलं, पोहे पाह्यले, व्याह्याची पाठ पाह्यली. पोरीचं निस्तं बोलनं आयकलं, तिची पाठ पाह्यली."

सगळी वरात स्वयंपाकघरात धावली. सुचिता चड्ड्यांच्या दोरीखाली उभी राहिली, मान खाली घालून.

"मले बी पसंत हाय," हरीओम म्हणाला. "मघाशी त्या बोलल्या, तवाच." म्हणजे टीव्हीचे रंग शाबूत होते.

नमस्कार झाले, पुढच्या महिन्यात सुपारी फोडायचं ठरलं. इतक्यात बाहेरून आदर्शचा आवाज आला. धावत गेले, तर पाहुण्यांसाठी ठेवलेले पोहे तो टीव्हीला भरवत होता! त्याला कडेवर घेतलं आणि रिमोटचं लाल बटण दाबून टीव्ही बंद केला. संपलं एकदाचं! घरानं मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात आत्याबाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. इकडंतिकडं पाहिलं. अगदी कानाशी आल्या.

"राधिका, खरं सांग. आधी टक्कल होतं. तू बटन दाबलं अन् केस आले. ते केस तुह्या सेटिंगचे तं नाहीत ना?"

मी तोंड उघडणार, तोच तुरीच्या डाळीच्या डब्यावरून आवाज आला, "ओढून दाखवू काय, मावशी?"

टीव्ही बंद केल्यानं कॉल बंद होत नाही. हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात बहुतेक. मी त्या दिवशी गैरहजर असेन.