दादाराव काका बसले

पांढरकवड्यात आमच्या शेजारी राहणारे दादाराव काका खुर्चीत कधी पूर्ण बसलेच नाहीत. टेकतात, तेही काठावर, तोंड दाराकडे करून. चपला काढा म्हटलं तर म्हणतात, "कायले? निघूनच राह्यलो." बारशाला जातात आणि बाळाचं नाव कळायच्या आत घरी परततात. मग संध्याकाळी आम्हालाच विचारतात, "नाव का ठेवलं बे पोराचं?"

अशा माणसाला मी आणि बायकोनं सिंगापूर दाखवायला नेलं. प्राणिसंग्रहालयात वाघ पाहिला तो असा, की जणू वाघच मागे लागलाय. बागेत म्हणाले, "झाडं पाह्यली, चाला." आम्ही फोटो काढेपर्यंत काका फाटकाबाहेर.

शेवटच्या दिवशी मात्र पावसानं कोंडून घातलं. विमान संध्याकाळचं, बॅगा बांधलेल्या, आणि बाहेर नुसती झोड. हॉटेलातलं आपोआप उघडणारं दार काकांच्या येरझारांमुळे मिटेचना. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी चारदा विचारलं, "बेटी, ये पानी कब खुलेगा?" ती बिचारी दर वेळी पाण्याची बाटली द्यायची. काखेत बाटल्या घेऊन काका पुन्हा दाराशी.

"बसा ना काका," बायको म्हणाली.

"मी बसलो तं पानी थांबते का?"

विमानतळाची टॅक्सी आली, आणि काका गायब. फोन लावला, तर तो त्यांच्याच बॅगेत वाजत होता. मी छत्री घेऊन धावलो. परक्या शहरात हा माणूस कुठे शोधायचा?

पुढच्या इमारतीखाली, आडोशाच्या बाकावर ते सापडले. चपला खाली काढलेल्या, मांडी घातलेली. शेजारी एक चिनी म्हातारबाबा संत्रं सोलून एकेक फोड काकांच्या हातावर ठेवत होते. काका वऱ्हाडीत बोलत होते, बाबा त्यांच्या भाषेत हुंकार देत होते.

"काका, चला! विमान जाईल!"

"थांब जरासा. मालतीचं सांगून राह्यलो."

मालती काकू, काकांची बायको. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. त्यानंतर काकांच्या तोंडून त्यांचं नाव मी ऐकलंच नव्हतं.

"अहो, पण यांना काही कळतं का?"

"नाही ना," काका म्हणाले. "म्हनूनच पुरं ऐकून राह्यले. गावात तिचं काढलं का लोक म्हन्तेत, दादाराव, आता इसरा. मंग मीच उठतो."

रस्त्यावर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हात करून थांबवलं आणि बाकाच्या कडेला बसलो. म्हातारबाबांनी एक फोड माझ्याही हातावर ठेवली.

"हं," मी म्हणालो, "मग काकू काय म्हणाल्या?"