थंड होईपर्यंत

"चाचा, ह्या डब्यातलं कुठं गेलं?"

अल्फियाने रिकामा डबा उलटा धरला. पीरमहंमदचाचा मिरजेतल्या घरापुढच्या आपल्या कारखान्यात, तबली म्हणजे वरची लाकडी फळी काढलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात मनगटापर्यंत हात घालून बसले होते.

"भोपळा तडकला व्हता, बुजवला. फळीवर सरसाशेजारीच व्हता की डबा."

"फ्रिजमध्ये ठेवला होता मी."

"मी काढला," आतून तिची अम्मी, अख्तरबी, म्हणाली. "दुधाला वास लागत व्हता."

विमानाच्या पंखात कार्बनच्या कापडाचे थर राळेने चिकटवतात. तडा जातो तो बहुधा राळेतून. अल्फियाने त्या राळेत केसाहून हजारो पटींनी बारीक असे कार्बनचे कण मिसळले होते; तड्याची वाट त्यांनी अडवावी, एवढ्यासाठी. कॉलेजचा फ्रिज बिघडला म्हणून त्या राळेचा डबा घरी आणलेला. दुपारी बेंगळुरूचे इंजिनिअर सांगलीच्या कॉलेजात येऊन तो नेणार होते. डबा नसेल तर प्रकल्प आजच बंद.

"राळ घट्ट करणारी दुसरी बाटलीही ओतली?"

"काल जेवताना तूच म्हणालीस, दोन्ही मिसळल्याबिगर घट्ट व्हत न्हाई."

"मग आता हात तरी काढा."

"थंड झाल्याबिगर सरसावरचा हात काढू नये. तुझ्या अब्बाला नि मला तसंच शिकवलंय." चाचा थांबले. "पर ह्ये थंड हुईना. तापायच लागलंय."

सरस गरम लावतात आणि निवता निवता तो धरतो. ही राळ धरता धरता तापते. चाचा ती निवायची वाट बघत बसले होते.

"सोडा चाचा, आधी सोडा."

"आता सुटंना."

दवाखान्यात डॉक्टरांनी भोपळ्यावर टकटक केली आणि छोटी करवत मागवली.

"ती कशाला?" चाचांनी भोपळा पोटाशी ओढला. "आमीरनं, हिच्या अब्बानं, केलेला शेवटचा तंबोरा हाय ह्यो. कापायचं तर हात कापा. मला दुसरा हाय."

डॉक्टरांनी अल्फियाकडे पाहिलं. तिने मानेनेच नको म्हटलं. अब्बांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेवटी भाजलंय थोडंच, तेल सोडत राहा, कातडी आपोआप सुटेल, असं सांगून डॉक्टरांनी दोघांना वाटेला लावलं.

"सांगलीला चल. चूक माझी हाय, सायबाला मीच सांगतो," चाचा म्हणाले.

रिक्षावाल्या तानाजीने आरशातून बराच वेळ पाहिलं. "चाचा, तंबोरा पोचवाय निगालाय, का तंबोरा तुमाला?"

"फुडं बघून चालव."

कॉलेजात येऊन थांबलेले इंजिनिअर वीरधवल मूळचे विट्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भोपळ्याला हातही न लावता म्हणाले, "सांधा कापून मशीनवर ताणून बघू. तुटला न्हाई तर प्रकल्प चालू. दुसरं काय माझ्या हातात न्हाई."

चाचांनी भोपळा टेबलावर ठेवला. "कापा. पोरीचं काम हाय."

"नाही," अल्फिया म्हणाली.

"अगं, तीन वर्सं घासलीस."

"नको म्हटलं ना. बंद करा सर, प्रकल्प."

"बंद कसा करत्यात?" चाचा ताडकन उठले. हाताला भोपळा आहे हे ते विसरले. भोपळा मशीनच्या लोखंडी कडेवर आपटला.

टिक् असा आवाज झाला. आपटल्या जागेवरून केसासारखी चीर निघाली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर सरकू लागली. चीर वळली, पुढे सरकली, राळेच्या काळ्या रेघेला भिडली आणि तिथेच थांबली.

वीरधवल खिशातून भिंग काढून ओणवे झाले. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, आधी हळू, मग जोराने.

"जरा बेतानं, सायेब. पलीकडं मी हाय."

"पलीकडं गेलीच न्हाई ती." वीरधवल सरळ झाले. "प्रकल्प चालू ठेवा. कण मी पाठवतो. फकस्त एक अट हाय. एकदा झालं त्याला आमी मानत न्हाई. असाच सांधा माझ्यासमोर पुन्हा करून दाखवायचा. तीच राळ, तसाच दाब, जसाच्या तसा."

अल्फियाने चाचांकडे पाहिलं. वीरधवलांनीही पाहिलं.

चाचांनी मोकळा हात सावकाश सदऱ्याच्या खिशात घातला.