तालीममास्तर आधीच पोचले होते

"तुम्ही आत आहात," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

तालीममास्तर तर बाहेर होते. जमिनीवरच्या पिवळ्या रेघेला बुटांची टोकं लावून, छातीशी प्लॅस्टिकचा फोल्डर धरून ते परक्या देशाच्या विमानतळावर खिडकीसमोर उभे होते. सकाळचे नऊ वाजत होते. बायकोच्या पासपोर्टवर शिक्का केव्हाच पडला होता आणि ती खिडकीच्या पलीकडे, पर्स सावरत, यांची वाट बघत होती.

"नाही हो बाई, मी इथंच आहे," ते हसून म्हणाले. "आत्ताच उतरलो विमानातून."

"गेल्या महिन्यात उतरलात. आज तुमचा तिसावा दिवस." बाईंचा आवाज मऊ होता आणि त्या पापणी लववत नव्हत्या. "आत असलेल्या माणसाला पुन्हा आत येता येत नाही. आधी बाहेर जावं लागतं."

"पण मी बाहेरच आहे!"

"बाहेर गेल्याची नोंद नाही," बाई म्हणाल्या.

आता तालीममास्तरांविषयी सांगायला हवं. परीक्षा मंडळाच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. दरवर्षी खऱ्या परीक्षेच्या महिनाभर आधी ते सगळ्या कचेरीकडून एक खोटी परीक्षा घेववत. कोऱ्या प्रश्नपत्रिका सीलबंद होत, कोऱ्या उत्तरपत्रिका वाटल्या जात, तीन तासांनी गोळा होत, सुतळीने बांधल्या जात आणि पोचपावतीसकट कपाटात जात. शेवटच्या पायरीपर्यंत गेली नाही तर ती तालीमच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. टोपणनाव तिथूनच पडलं. घरीही तोच खाक्या. मोठी मुलगी व्हायची होती तेव्हा त्यांनी दवाखान्यापर्यंत तीनदा रिकामी टॅक्सी नेऊन आणली होती, आणि चौथ्यांदा बायको आत बसली तेव्हा, आज वेळ दोन मिनिटं जास्त लागली, म्हणून ड्रायव्हरशी वाद घातला होता.

या सहलीचंही तेच. बायको अकरा वर्षं समुद्र बघायला परदेशी जाऊ म्हणत होती आणि अकरा वर्षं यांची तयारी अपुरी पडत होती. यंदा तिने निर्वाणीचं सांगितलं, "तुम्ही या नाहीतर नका येऊ, मी जाणार." तेव्हा कुठे मास्तर घाबरून कामाला लागले. या देशात तीस दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नव्हता. पण अटी होत्या. पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा हवा, त्यात दोन कोरी पानं हवीत, परतीचं तिकीट हवं, राहण्याचं बुकिंग हवं आणि आगमनाचा अर्ज आधी ऑनलाइन भरलेला हवा. मास्तरांनी सगळ्यावर बरोबरच्या खुणा केल्या. अर्जापाशी मात्र त्यांचा हात थबकला. एकदम खरा अर्ज भरायचा? बिनतालमीचा?

म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी एक सरावाचा अर्ज भरला. नाव, पासपोर्ट क्रमांक, हॉटेल सगळं खरं. आगमनाची तारीख त्या दिवसाचीच टाकली. पण सगळंच खरं लिहिलं तर दोन खरे अर्ज होतील, या विचाराने 'व्यवसाय'पुढे त्यांनी 'गायक' लिहिलं आणि 'येण्याचा हेतू'पुढे 'मजा'. गायकच का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बाविसाव्या वर्षी, लग्नानंतर सहा महिन्यांनी, नोकरीला लागले त्या आठवड्यात गाणं सुटलं होतं. मग शेवटच्या पायरीपर्यंत जायचं म्हणून त्यांनी 'पाठवा' हे बटणही दाबलं.

"तो सराव होता हो बाई!" आता त्यांना घाम फुटला. "मी घरीच होतो! महिनाभर कामावर जातोय! हजेरीपुस्तक बघा हवं तर!"

"हजेरीपुस्तक आमच्याकडेही असतं," असं म्हणून बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर फोटो होता. याच खिडकीसमोर, याच पिवळ्या रेघेवर तालीममास्तर उभे होते. अंगात बारीक चौकड्यांचा निळा शर्ट. आत्ता अंगात होता तोच, आणि तो त्यांनी परवा संध्याकाळी विकत घेतला होता. फोटोतले मास्तर हसत होते. खऱ्या मास्तरांनी पासपोर्टपासून लग्नापर्यंत एकाही फोटोत दात दाखवले नव्हते. बायको पलीकडून वाकून बघत होती.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "किती छान हसलेत."

"अगं, तो मी नाहीये!"

"शर्ट तुमचाच आहे की."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या विमानातून उतरलेले दोनशे प्रवासी कधी निघून गेले ते कळलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या दालनात ते तिघंच होते, आणि कुठूनतरी सुटकेसच्या चाकांचा आवाज येत होता, पण सुटकेस दिसत नव्हती.

"हॉटेलला विचारू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावून स्पीकर चालू केला.

"गायकसाहेब ना?" पलीकडून हॉटेलचा मॅनेजर बोलला. "आहेत ना, वर खोलीतच आहेत. जोडतो."

घंटा दोनदा वाजली. फोन उचलला गेला. कुणी 'हॅलो' म्हणालं नाही. आधी श्वास ऐकू आला, आणि मग कुणीतरी खालच्या पट्टीत गुणगुणायला लागलं. घाई नव्हती त्या आवाजाला. तो आवाज तालीममास्तरांचा होता. बायकोने खिडकीची कड घट्ट धरली. लग्नानंतर पहिले सहा महिने हा आवाज आंघोळीच्या वेळी यायचा आणि मग यायचा बंद झाला होता. तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, असं तिला आत्ता वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

बाईंनी फोन ठेवला.

"आता उपाय काय?" मास्तरांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे एका पासपोर्टवर एका वेळी एकच जण आत. त्यांची मुदत आज संपतेय. ते बाहेर पडले की तुम्हाला सोडता येईल. नाहीतर आत्ताच्या विमानाने परत पाठवते."

"बोलवा की मग त्याला! ताबडतोब बोलवा!"

"मुदत संपेपर्यंत त्यांना हक्क आहे. संध्याकाळी सहाच्या विमानाचं तिकीट आहे त्यांचं."

बायको पुढे झाली. "म्हणजे सहापर्यंत ते इथंच?"

"हो."

"आणि मला आत जायला हरकत नाही?"

"तुमचा शिक्का झालाय."

बायकोने क्षणभर विचार केला. अकरा वर्षांनी तो क्षण काही फार मोठा नव्हता. "मग यांना सहाला सोडा," ती म्हणाली. "तोवर बसतील ते बाकावर. अहो, गोळी फोल्डरच्या मागच्या कप्प्यात आहे. जेवणानंतर घ्या." आणि ती काचेच्या दारातून निघून गेली.

तालीममास्तर बाकावर बसले. आयुष्यात त्यांनी नाना प्रसंगांची तालीम केली होती, पण आपली बायको आपल्याबरोबर फिरायला गेलीय आणि आपण मागे राहिलोय, या प्रसंगाची केली नव्हती. त्यांना स्वतःचा मत्सर वाटायला लागला, आणि त्यावर काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. समोरची काच काळसर होती. तिच्यात त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं आणि त्याचे ओठ हलत होते. त्यांनी आपल्या ओठांना बोट लावून पाहिलं. मिटलेले होते. मग ते उठून दुसऱ्या बाकावर, काचेकडे पाठ करून बसले.

दुपारी एक पहारेकरी पाण्याची बाटली घेऊन आला. बाटली देताना त्याने अदबीने मान झुकवली. "शनिवारी ऐकलं तुम्हाला," तो म्हणाला. "आई रडली माझी."

"मी नव्हतो तो," मास्तर म्हणाले.

"असं सगळेच मोठे लोक म्हणतात," पहारेकरी म्हणाला आणि निघून गेला.

साडेपाचला काचेच्या पलीकडे दोघं आली. बायकोचे केस वाऱ्याने विस्कटले होते, चपला हातात होत्या. तिच्या शेजारी तालीममास्तर होते. उन्हाने रापलेले, निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेले, खांद्यावर एकच पिशवी. त्यांनी बायकोला काहीतरी सांगितलं, तिने मान हलवली. मग ते एकटेच जाण्याच्या खिडकीपाशी गेले, शिक्का घेतला आणि मधल्या दारातून थेट बाकाकडे चालत आले. त्यांच्या पावलांचा आवाज होत नव्हता.

मास्तरांनी फोल्डर छातीशी घट्ट धरला. तो समोर येऊन उभा राहिला. जवळून पाहिलं तर त्याच्या डाव्या गालावर दाढी करताना कापल्याची खूण होती, मास्तरांना काल पहाटे झाली होती तशीच.

"वरच्या पट्टीत जाऊ नका," तो आपुलकीने म्हणाला. "तिला खालचीच आवडते." आणि विमानाकडे जाणाऱ्या लांबलचक बोळातून तो दिसेनासा झाला. गुणगुणणं त्यानंतरही बराच वेळ येत राहिलं.

"या आता," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. त्यांनी शिक्का मारला आणि दिवसात पहिल्यांदाच पापणी लववली. "आता एकच आहात."

टॅक्सीत मास्तर बायकोशेजारी अंग चोरून बसले. बाहेर समुद्र दिसत होता. त्यांचं लक्ष नव्हतं. आयुष्यात आपण काय घालवलं हे त्यांना दिवसभरात पुरतं कळून चुकलं होतं. धीर करून त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा, खालच्या पट्टीत, सुरुवात केली.

"नको ना हो," बायको म्हणाली.

ते थांबले. "आवडलं नाही?"

"तसं नाही. पण सकाळपासून ऐकतेय. बोटीत गाणं, जेवताना गाणं, रस्ता ओलांडताना गाणं. मला एक वाक्य पुरं बोलू दिलं नाही. डोकं उठलं माझं." तिने मान मागे टेकली आणि यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही आपले गप्प बसा बघू जरा. बरं वाटतं."

तालीममास्तर गप्प बसले. इतकं सुखाने ते कधीच गप्प बसले नव्हते. हॉटेल येईपर्यंत त्यांना एकदाही आपल्या फोल्डरची आठवण झाली नाही. मग मात्र एक विचार मनात आला आणि ते ताठ झाले.

"अगं, पण त्याचं परतीचं तिकीट... तो गेला कुठं?"

"घरी," बायको डोळे न उघडता म्हणाली. "किल्ली मीच दिली."

"आपल्या घराची?"

"मग काय? आठ दिवस कुंड्यांना पाणी कोण घालणार होतं?"