दत्तूआण्णांची बाळंतीण

आमच्या शेजारचे दत्तूआण्णा रोज सकाळी माशांच्या टाकीतलं पाणी चाखतात. आमटी चाखावी तसं, तळहातावर घेऊन. खारटपणा मनासारखा लागला की मान हलवतात आणि ती चूळ मधल्या भिंतीवरून थेट माझ्या कढीपत्त्यावर टाकतात. कढीपत्ता वाळला. दुसरा लावला, तोही वाळला. मी भांडायला गेले तर उलट माझ्यावरच डाफरले. खारटपणा मोजायची नळी दुकानदाराने त्यांच्या गळ्यात मारलेली आहे, पण तिच्यावर आण्णांचा विश्वास नाही. "दुधात पानी किती, ते मी जिभंवर सांगत आलोय वैनी. आता ह्या काचंला इचारू व्हय?"

मंगळवार पेठेत आण्णांचा म्हशींचा गोठा होता. आण्णांची बायको गेली, मग आण्णांचे गुडघे गेले, आणि गल्लीत नव्याने राहायला आलेल्या मंडळींना शेणाचा वास सोसेना. त्यांना दूध मात्र समोर पिळलेलं हवं होतं! शेवटी आण्णांनी म्हशी विकल्या. एकुलती एक मुलगी सुमन लग्न होऊन हुपरीला गेली होती. रिकाम्या गोठ्यात माणूस बसणार किती? एक दिवस त्यांनी कुठल्याशा दुकानात समुद्रातले मासे पाहिले, नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. झालं! गोठ्यात काचेची टाकी आली. मासे बघण्यात आण्णांना रस नव्हता. त्यांना पिल्लं हवी होती. गोठ्यात पुन्हा काहीतरी जन्मावं आणि जगावं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

आता कोल्हापुरात बसून समुद्रातले मासे वाढवायचे म्हणजे आधीच घोड्यावर उलटं बसणं. त्यात आण्णांचा स्वभाव. पहिली जोडी त्यांनी किराणा दुकानातल्या खडेमिठाच्या पाण्यात सोडली. संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे उताणे. माशांचा दुकानदार म्हणाला, त्यांच्यासाठी समुद्राचं वेगळं मीठ मिळतं. आण्णा कडाडले, "मग आमच्या भाजीतलं मीठ काय डोंगरातनं आणत्यात?"

दुसऱ्या जोडीच्या वेळी मी सोबत होते, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. आण्णांनी एक नर आणि एक मादी मागितली. दुकानदार म्हणाला, "हे लहानपणी सगळे नरच असतात. दोन एकत्र ठेवा. जो मोठा होईल त्याची मादी होते."

"पावणं, मी जलमभर शेपटी उचलून जनावर घेतलंय," आण्णा ओरडले, "आन् तुम्ही मला सांगताय, घरी गेल्यावर ठरंल?"

रस्त्यावरची माणसं आत येऊन बघायला लागली. तरी जोडी घेतलीच. पुढे घरी येणारा प्रत्येक पाहुणा टाकीसमोर उभा राहून एकच विचारायचा, "तळून कधी घालताय?" आणि आण्णांची आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची, "मासा हाय ह्यो, कालवण न्हाय!" माझी दुपारची झोप या एका वाक्याने कायमची संपवली.

वर्ष उलटून गेलं आणि एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "वैनी, व्याली की!" टाकीत ठेवलेल्या कौलावर मोहरीएवढे नारंगी ठिपके चिकटले होते. आण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. अंड्यांची राखण बाप करत होता. सारखे पंख हलवून त्यांना वारा घालत होता. आई बिनघोर हिंडत होती. "बघा ही बया," आण्णा चिडून म्हणाले, पण नजर बापावरून हलत नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या दारात पाण्याचा लोंढा आला. पांढरट, तुपकट, वर नासकी घाण. आण्णा टाकीचं पाणी बादल्यांनी गल्लीत ओतत होते. माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि गेले.

"काय घातलंत टाकीत?"

"डिंकाचा लाडू."

"माशाला?"

"बाळंतीण हाय ती. नुसत्या दाण्यावर ठिवू व्हय?"

मी बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. अक्कल गहाण टाकलीत का, इथपर्यंत गेले. आण्णा खाली मान घालून बादल्या भरत राहिले, तेव्हा मीच थांबले. मग माझ्या ध्यानात आलं, लाडू करायला या घरात बाई नाही.

"लाडू दिला कुणी?"

"मीच केलं." त्यांनी फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा भरलेला होता. लाडू वेडेवाकडे, एक लिंबाएवढा तर एक नारळाएवढा. "सुमनचं पहिलं बाळंतपण जवळ आलंय. माहेरात व्हायला पायजे का नगो? विहीणबाई म्हनल्या, बाईमानूस न्हाई त्या घरात, करणार कोण? पोरगी रडली फोनवर. म्हनलं, निदान लाडू तरी जाऊंदेत. तर डबा तसाच माघारी आला. त्येंनी घरात केल्यात म्हनं."

कौलावरची अंडी तांदळासारखी पांढरी पडली होती. मेली होती सगळी. बाप मात्र पंख हलवून वारा घालतच होता.

"त्येला कळंना अजून," आण्णा म्हणाले.

माझा राग तिथल्या तिथे हुपरीकडे वळला. अडलेल्या म्हशी रात्र रात्र जागून सोडवणारा हा माणूस! कुणाची म्हैस अडली की पेठेतले लोक याचंच दार ठोठावायचे. आणि याच्या घरात लेकीचं बाळंतपण होत नाही म्हणे! मी म्हटलं, "लावा फोन विहीणबाईंना."

"नगो वैनी. पोरीला तरास हुईल."

"मग पोरीलाच लावा."

सुमनने फोन उचलला. मी म्हटलं, "सुमे, मी शेजारची काकू बोलतो. तू ये. न्हाणं, शेक, धुरी, सगळं मी करतो. सासूला सांग, घरात बाई हाय. भिंतीपलीकडं राहती, एवढंच. न्हाईच ऐकलं तर फोन माझ्याकडं दे. भांडायला मी खंबीर हाय."

ती म्हणाली, "काकू, तो डबा मला दावलासुदिक न्हाई. मला आण्णांच्या हातचं लाडू खायचं होतं."

आण्णांनी ऐकलं. उठले, डबा खाली घेतला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. झाकण पुसलं, कडा पुसल्या, पुन्हा झाकण पुसलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हुपरीची यष्टी आत्ता हाय का वो, वैनी?"